कोवळं ऊन आणि न झालेली कावीळ

मी मूळची अकोल्याची. त्यामुळे ऊन म्हणजे काय, हे मला शिकवायच्या भानगडीत कोणी पडू नये! आमच्याकडे मे महिन्यात कुत्रीसुद्धा सावली बघून रस्ता ओलांडतात आणि दोरीवरची ओढणी पाच मिनिटांत पापडासारखी कडक होते. त्यात मी जीवशास्त्रात एम.एस्सी., आणि अमरावतीच्या एका कोचिंग क्लासमध्ये चार वर्षं तेच शिकवलेलं. म्हणजे उन्हाचा अनुभव माहेरचा आणि उन्हाचं शास्त्र विद्यापीठाचं! अशा बाईनं जर म्हटलं, की माझ्या पोरीची झोप मी सकाळच्या उन्हानं ताळ्यावर आणते, तर घरच्यांनी ते मुकाट ऐकून घ्यायला काय हरकत होती?

पण नाही!

माझी पोरगी शर्वरी, वय महिने आठ. शर्वरी म्हणजे रात्र. नाव मीच हौसेनं ठेवलं आणि पोरगी नावाला जागली. अगदी पहाटे पाचपर्यंत जागली! दिवसभर ही बाई पाळण्यात अशी पडून राहायची, की दारावर बँड वाजवला तरी पापणी हलणार नाही. रात्रीचे साडेदहा वाजले, की टक्क डोळे उघडायची, आढ्याकडे बघून हसायची आणि तिची ड्यूटी सुरू व्हायची. तिचे बाबा, म्हणजे माझा नवरा किशोर, बडनेऱ्याला रेल्वेत आहे. इंजिनाच्या भोंग्यात झोपायची सवय असलेल्या माणसाला पोरीचं रडणं म्हणजे अंगाईच. तो घोरायचा, ती रडायची आणि मधे मी, दोन रुळांमधल्या खडीसारखी.

हे मी चालवूनही घेतलं असतं. पण एक एप्रिलपासून माझी नवी बॅच होती. क्लासच्या सरांना मी "येते" म्हणून शब्द दिलेला. आणि हे कळल्याबरोबर दर्यापूरहून सासूबाईंचा, आशाबाईंचा, फोन आला.

"रागिणी, दिवसा शिकवशीन आन रातभर जागशीन, त किती दिवस टिकशीन व? पोट्टीले मी दर्यापूरले घेऊन जातो. चार-सहा महिने राहीन माह्यापाशी."

"पण आई, ती रात्रभर जागते."

"त जागू दे नं! मले कुठी झोप येते? बारा वर्सं झाले, मी रातभर पंख्याचे पाते मोजतो. तुह्या जागण्याचा काई उपेग नाई, माह्या जागण्याचा तरी होईन!"

या युक्तिवादाला तोड नव्हती. म्हणजे, सासूबाईंना झोप नाही ही गोष्ट दर्यापूर तालुक्यात सर्वांना माहीत होती. चोरही त्यांच्या गल्लीत येत नसत. पण माझी पोर सहा महिने माझ्यापासून लांब? तिला नवा दात आला तर तो मी फोनवर पाहायचा? पहिलं पाऊल तिकडे टाकणार आणि मी इकडे पेशीविभाजन शिकवणार? छातीत धस्स झालं. आणि छातीत धस्स झालं की माझ्या तोंडून नेहमी भलतंच निघतं.

"शर्वरी कुठेही जाणार नाही, आई. मी तिची झोप पंधरा दिवसांत ठीक करून दाखवते! एकतीस मार्चच्या रात्री ती दहा ते सहा झोपली नाही, तर एक तारखेला तुम्हीच येऊन घेऊन जा!"

सासूबाईंनी लगेच शब्द पकडला.

"पाय बरं. शब्द हाये हा."

"हाये!" मी म्हटलं. राग आला की माझं एम.एस्सी. गळून पडतं आणि अकोला वर येतं.

फोन ठेवला. किशोर जेवता जेवता थांबला. "आईशी पैज लावली तू? अगं, कापूस विकताना व्यापारी आईला बघून स्वतःच काटा तपासून घेतात!"

"मग मीही काही कच्च्या गुरूची चेली नाही," मी म्हटलं आणि रात्री अडीचपर्यंत पोरीला खांद्यावर घेऊन विचार करत बसले.

आता शास्त्र ऐका, थोडक्यात सांगते. सकाळचा उजेड डोळ्यांपर्यंत पोचला, की मेंदूतल्या घड्याळाला कळतं, दिवस उगवला. तिथून ते घड्याळ मोजायला लागतं आणि चौदा-पंधरा तासांनी झोपेचं रसायन सोडतं. सकाळ चुकली, की रात्र चुकली! आणि आमच्या घरी सकाळ येणार कुठून? पूर्वेला एकच खिडकी आणि त्या खिडकीत कूलर. गेल्या उन्हाळ्यात बसवला, काढायचा राहिला, आता पुन्हा उन्हाळा आला. वऱ्हाडात कूलर खिडकीत बसवत नाहीत, कूलरच्या मागे घर बांधतात! माझी पोर आठ महिने त्या कूलरमागे, अंधारकोठडीत वाढलेली. तिच्या घड्याळाला कोणी चावीच दिली नव्हती.

तेव्हा उपाय एकच. गच्ची!

सोळा मार्चला पावणेसातला मी पोरीला घेऊन गच्चीवर हजर. डोक्यावर टोपी, तोंड सूर्याकडे नाही, बाजूला. मोबाईलवर वीस मिनिटांचा गजर. आणि अंगाला बेसन, साय आणि हळदीचा लेप! माझ्या आईची पद्धत आहे, आंघोळीआधी लेप लावायचा. म्हटलं, लेपही वाळेल आणि घड्याळालाही चावी बसेल.

गच्चीवर मैनाबाई होत्या. आमच्या घरमालकीण. खाली त्या राहतात, वर आम्ही आणि त्याच्यावर मार्च ते मे त्यांच्या मुंगवड्या राहतात. जुन्या साडीवर एकेक वडी घालत होत्या. मला पाहिलं आणि हात थांबला.

"काहून वो रागिणी, एवढ्या सकाळी पोट्टीले उनात आणलं?"

"झोपेसाठी, काकू."

"झोपेसाठी? झोपेले त अंधार लागते नं व!"

"रात्री अंधार लागतो, सकाळी ऊन लागतं."

मैनाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग पोरीकडे. पोरगी कपाळापासून अंगठ्यापर्यंत पिवळीजर्द! त्यांनी हात पदराला पुसले, जवळ आल्या आणि आवाज एकदम खाली आणला.

"कावीय त नाई नं?"

"नाही हो! लेप आहे तो."

"नाई, आमच्या पुतण्याच्या पोट्ट्याले झाल्ती. डॉक्टरनं त्यालेबी असंच सकाळच्या उनात ठेवा म्हणून सांगतलं होतं."

"ती जन्मल्याबरोबर होते, काकू. ही आठ महिन्यांची आहे. हिला काही झालेलं नाही!"

"हाव, हाव," मैनाबाई समजूतदारपणे म्हणाल्या. "मी नाई सांगत कोनाले."

आणि मी, मूर्ख बाई, निश्चिंत झाले!

त्याच दुपारी मैनाबाईंनी दर्यापूरला आपल्या बहिणीकडे मुंगवड्यांचा डबा पाठवला. वडापच्या जीपमधून, ड्रायव्हरच्या ओळखीनं. डब्याबरोबर बातमीही पाठवली. आता त्या जीपमध्ये पुढे चार, मागे चौदा माणसं. बातमी एकाकडून दुसऱ्याकडे जाताना जाड होत गेली. वलगावपर्यंत कावीळ साधी होती. खोलापूरला पोरीनं दूध सोडलं. आणि दर्यापूरच्या स्टँडवर जीप थांबली तेव्हा डॉक्टरांनी हात टेकले होते आणि "आता फक्त ऊन द्या" म्हणून तिला घरी पाठवून दिलं होतं!

संध्याकाळी सासऱ्यांचा फोन. आमचे सासरे नत्थुजी महिन्यातून एकदा फोन करतात आणि तोही चुकून लागलेला असतो.

"सूनबाई."

"बोला, बाबा."

ते एकदा खाकरले. मग, "पोट्टी... हाये नं?"

"हाये म्हणजे? ही काय, माझ्या मांडीवर आहे! बाबा, काय झालं?"

"काई नाई. उनात ठेवत जाय," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. मला भरून आलं. सासरच्या एका माणसाला तरी शास्त्र कळलं!

दुसऱ्या दिवशी माझ्या आईचा अकोल्याहून फोन, रडतच. "मले परक्याकडून कळते व रागिणी? पोटच्या पोरीनं सांगू नये?" तिला समजावण्यात पाऊण तास गेला. मी जितकी "नाही" म्हणायची, तितकी तिची खात्री पटायची. कारण आमच्याकडे आजार असला की आधी "नाही" म्हणतात, "आहे" म्हणतात ते शेवटी. तिसऱ्या दिवशी किशोर ड्यूटीवरून दोन लिटर उसाचा रस घेऊन आला.

"हे काय?"

"साहेबांनी दिला. म्हणाले, काविळीला चांगला."

"तू सांगितलं नाहीस की कावीळ नाही?"

"सांगितलं गं! तर म्हणाले, धीर सोडू नका."

या सगळ्यात माझं ऊन मात्र चालू होतं! वीस मिनिटं म्हणजे वीस मिनिटं. रस्त्यावरून जाणाऱ्या बाया वर बघून पदर डोळ्याला लावायच्या, दूधवाला सायकल थांबवून हात जोडायचा, तरी मी कठड्याला टेकून उभी. आणि सांगायचं म्हणजे, पोरगी पहिल्या रात्री पाचऐवजी साडेचारला झोपली! मी वहीत लिहून ठेवलं. किशोर म्हणाला, अर्ध्या तासानं काय होतं? मी म्हटलं, पृथ्वीसुद्धा एका दिवसात फिरलेली नाही. ती एका दिवसातच फिरते हे नंतर लक्षात आलं, पण तोवर तो घोरायला लागला होता.

पाचव्या दिवशी सकाळी मी गच्चीवर असतानाच खाली जीप थांबली. मी कठड्यावरून मोजले. सासूबाई, बाबा, किशोरच्या दोन काकू, एक आत्या, आत्याचे यजमान, दोन ओळखीचे वाटणारे पुरुष आणि सर्वांत शेवटी, काखेत कापडी पिशवी घेतलेले, पांढऱ्या टोपीतले खुशालराव. एकूण नऊ! खुशालराव म्हणजे सासूबाईंचे मामेभाऊ. काविळीची माळ देतात; गळ्यातली माळ लांबत गेली, की कावीळ उतरली म्हणायचं. पंचक्रोशीत कोणाचे डोळे जरा पिवळे दिसले, की आधी खुशालराव आणि मग डॉक्टर.

सासूबाई अंगणातूनच ओरडल्या, "रागिणी! खाली उतर पयले!"

"नाही!"

सगळी गल्ली बाहेर आली.

"काय म्हणली?"

"नाही म्हणाले! वीस मिनिटांतली बारा झालीत, आठ राहिलीत. आठ मिनिटांनी येते. तोवर चहा घ्या!"

"सोन्यासारखी पोट्टी पियी पडली आन ही मिनिटं मोजून राहिली! चाला व, आपुनच वर जाऊ!"

आणि नऊच्या नऊ माणसं जिना चढून गच्चीवर आली. गच्चीवर साडी पसरलेली, साडीवर चारशे मुंगवड्या. पहिला पाय पडला आत्याच्या यजमानांचा. "अवो माह्या वड्याऽऽ!" मैनाबाई अशा किंचाळल्या, की तिसऱ्या गल्लीतल्या पोपटानं पिंजऱ्यात उडी मारली. मला वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू, फार नाही वाटलं.

सासूबाईंनी पोरीला माझ्या हातातून घेतलं, तिच्या खालच्या पापण्या ओढून पाहिल्या आणि म्हणाल्या, "खुशाल, पाय गा."

खुशालरावांनी पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "उजेडात नाई समजत," ते म्हणाले. "चुन्याच्या पान्यानं समजीन."

खाली आलो. तेवढ्यात दोन्ही काकूंनी माझ्या स्वयंपाकघराचा ताबा घेतला होता. हळदीचा डबा माळ्यावर, तेलाचं पातेलं कपाटात, फोडणी बंद! काविळीच्या घरात हळद न् तेल दिसू नये म्हणे. दुपारी किशोर ताटातल्या पांढऱ्याफटक वरणाकडे बघून म्हणाला, "मी कुठल्या वॉर्डात आहे?"

पण ते नंतर. आधी चुन्याचं पाणी. खुशालरावांनी पितळेची परात मागितली, पिशवीतून चुन्याची पुडी काढली, पाण्यात कालवली. "आना पोट्टीचा हात."

इथे मात्र मी पोरीला घट्ट धरलं. "माझ्या पोरीच्या अंगाला चुना लागणार नाही! नाकात थेंब टाकायचे नाहीत, गळ्यात काही बांधायचं नाही. आधीच सांगून ठेवते!"

"अव, गावच्या सगया लेकरायले..." खुशालराव म्हणाले.

"सगळ्यांच्या लेकरांना करा. हिला नाही!"

काकू आणि आत्या एकदम बोलायला लागल्या. बाबा दाराच्या चौकटीतून हळूच म्हणाले, "नाई म्हनते त राहू द्या." ते त्यांचं त्या दिवसातलं एकमेव वाक्य, पण मी ते जन्मभर विसरणार नाही.

खुशालरावही बेरकी. "बरं बाई. पोट्टीले हात नाई लावत. तिचं आंग पुसलेलं फडकं त दे. कावीय त्याच्यातबी उतरते. पानी पियं झालं, की समजायचं."

फडकं द्यायला माझी हरकत नव्हती. नुकताच त्या फडक्यानं मी तिचा लेप पुसला होता. दिलं. खुशालरावांनी काहीतरी पुटपुटत ते परातीत बुडवलं, एकदा फिरवलं, पिळलं...

पाणी लाल झालं!

पिवळं नाही. लालभडक! खुशालरावांनी हात असा मागे घेतला, जणू परातीत विंचू निघाला. चाळीस वर्षांच्या सेवेत त्यांच्या परातीत लाल पाणी कधी आलं नव्हतं.

"हे... हे काई येगयंच हाये," ते कापऱ्या आवाजात म्हणाले. "हे रक्तकावीय!"

धाकट्या काकू मटकन खाली बसल्या. आत्यानं हंबरडा फोडला. जिन्यातून बघणाऱ्या मैनाबाई "मी पयल्याच दिवशी ओयखलं होतं!" असं गल्लीला सांगायला पळाल्या. सासूबाईंच्या चेहऱ्यावरचा सगळा जोर गेला. त्यांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं, आणि त्या नजरेत पैज नव्हती की कुरघोडी नव्हती. आजी होती नुसती, घाबरलेली.

तेवढ्यापुरती मीही घाबरले, हेही लिहून टाकते. शिकलेली असले तरी आई आहे. पण पुढच्याच क्षणी माझी ट्यूब पेटली.

"आई, आपल्या घरी पूर्वी कुंकू कसं करायचे?"

"आता कुकवाचं काय काहाडतं व?"

"सांगा ना!"

"हयद आन चुना..." सासूबाई म्हणाल्या आणि थांबल्या. परातीकडे पाहिलं. फडक्याकडे पाहिलं. माझ्या पोरीच्या कानामागे उरलेल्या लेपाकडे पाहिलं. सगळ्या बाया परातीकडे बघायला लागल्या. आत्याचा हंबरडा अर्ध्यावरच राहिला.

"खुशाल," सासूबाई म्हणाल्या, "थे त कुकू झालं गा."

"असू शकते," खुशालराव घाम पुसत म्हणाले. "पन त्याच्यानं कावीय नाई, असं कुठी ठरलं?"

मग मी म्हटलं, ठरवूच! पोरीला रिक्षात घातलं, मागे दोन रिक्षांत बाकीची वरात. डॉक्टरांनी तपासलं, हसले, म्हणाले पोरगी ठणठणीत आहे. पण त्यांच्या दारात जमलेला मोर्चा बघून म्हणाले, रक्त तपासून टाकू, नाहीतर हे लोक मला सोडायचे नाहीत. संध्याकाळी रिपोर्ट आला. मी सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचला. "बिलिरुबिन, शून्य पॉइंट सहा! एकदम नॉर्मल!"

"निघाली नं मंग!" आत्या म्हणाली.

"काय निघाली?"

"पॉइंट सहा. थोडी हाये नं पन?"

"अहो आत्या, एकपर्यंत सगळ्यांनाच असते! तुम्हालाही आहे! इथल्या प्रत्येकाला आहे!"

हे मी बोलायला नको होतं.  मग आत्यानं हळूच काकूंची पापणी ओढून पाहिली. काकूंनी आत्याच्या यजमानांची. पाच मिनिटांत नऊ माणसं एकमेकांचे डोळे तपासत होती आणि खुशालराव पिशवीतून माळा काढत होते. तिघांनी जागेवरच घालून घेतल्या. शर्वरीसाठी आणलेली माळ मी घेतली नाही, तर जाताना ती त्यांनी कूलरच्या कडीला अडकवली. दोन दिवसांनी दमट हवेनं ती चार बोटं लांबली. किशोर म्हणाला, "कूलरला झाली वाटतं."

जीप परत गेली, पण सासूबाई राहिल्या.

"मी एकतीस तारखेलोक अठीच राह्यतो," त्यांनी पिशवी कोपऱ्यात ठेवत जाहीर केलं. "पोट्टीले उनात बसवतं नं? बसव. मीबी संगं बसतो. जास्त तापलं त उचलून आनतो."

"या ना," मी म्हटलं. "पण वीस मिनिटांच्या आत हात लावायचा नाही!"

आणि पुढचे दहा दिवस रोज पावणेसातला गच्चीवर अशी बैठक असायची. एका टोकाला मी न् पोरगी, समोर स्टुलावर सासूबाई, डोळे माझ्यावर रोखलेले, अगदी परीक्षेतल्या पर्यवेक्षकासारख्या. मधे मैनाबाई, नव्यानं वड्या घालणाऱ्या आणि आमच्या दोघींच्या पायांवर नजर ठेवणाऱ्या. मी खाली गेले तरी सासूबाई आठपर्यंत वरच बसायच्या, मैनाबाईंशी भांडत.

"तुह्याच्यानं माह्या भावाची फजिती झाली."

"तुमच्याच्यानं माह्या चारशे वड्या गेल्या!"

पोरीची झोप अर्ध्या अर्ध्या तासानं अलीकडे सरकत होती. दिवसाही मी तिला उजेडात ठेवायचे, गाणी म्हणायचे. रात्री आठनंतर दिवे मंद. सासूबाईंनी टीव्हीवरून एकदा वाद घातला, मी वायरच काढली. अठ्ठावीस तारखेला पोरगी साडेअकराला झोपली, दोनला उठली, परत झोपली. वहीत मी लाल शाईनं लिहिलं. पण दोनला उठली म्हणजे उठलीच ना! एकतीस तारखेला असं झालं तर सकाळी तिची दुपटी दर्यापूरच्या पिशवीत. 

एकतीस तारीख उजाडली. किशोर रात्रपाळीला बडनेऱ्याला. साडेनऊला मी पोरीला पाळण्यात ठेवलं. सासूबाईंनी शेजारच्या दिवाणावर आसन ठोकलं.

"मी मोजतो किती डाव उठते. मले झोप नाई येत, तुले माईत हाये."

"मोजा!" मी म्हटलं.

दहाला पाच कमी असताना पोरगी झोपली. दहाला सासूबाईंनी एक जांभई दिली. सव्वादहाला त्यांची मान खाली गेली आणि मग असा आवाज सुरू झाला, की मला वाटलं किशोर परत आला!

बारा वर्षं पंख्याची पाती मोजणारी बाई आडवी होऊन घोरत होती. आणि पोरगी? पोरगी हलेना. अकरा वाजले. बारा वाजले. आठ महिन्यांत पहिल्यांदा दहा ते बारा घरात रडणं नव्हतं.

आता तुम्ही म्हणाल, मग मीही झोपले असेन. कशी झोपणार? आठ महिने न झोपलेली पोर एकदम इतकी गप्प? काही झालं तर नाही ना? मी नाकाखाली बोट धरलं. श्वास होता. पण तो तिचाच कशावरून? पंख्याचाही असेल! पंखा बंद केला. श्वास होता. एक वाजता तळपाय पाहिले, गार वाटले, मोजे घातले. दीडला गरम वाटले, काढले. दोनला अकोल्याला आईला फोन लावला.

"आई, शर्वरी झोपली आहे!"

"मंग तू काहून नाई झोपली व?" आईनं विचारलं आणि फोन ठेवला.

अडीचला मला राहवेना. म्हटलं, फक्त एकदा, मोबाईलच्या बॅटरीत चेहरा नीट पाहावा. रंग बरोबर आहे ना. रक्तकावीळ वगैरे मी मानत नाही, पण पाहायला काय हरकत! बॅटरी लावली.

पोरीनं डोळे उघडले. माझ्याकडे पाहिलं. आणि इतकी गोड हसली, की मी जागच्या जागी गार!

पुढचे अडीच तास आम्ही दोघी स्वयंपाकघरात दार लावून बसलो. तिनं वाटी वाजवली, मी ती हळूच काढून घेतली, तिनं ताट वाजवलं. मी कानात प्राण आणून दिवाणखान्यातलं घोरणं ऐकत होते. एकदा ते थांबलं. माझाही श्वास थांबला. मग कूस बदलून सुरू झालं. पाचला पोरगी खांद्यावर लुढकली. मी तिला पाळण्यात ठेवलं आणि बाजूला खुर्चीवर बसले, तशीच, डोळे सताड.

सहाला सासूबाई उठल्या. आळस दिला. पाळण्यात डोकावल्या. पोरगी गाढ.

"मायव!" त्या म्हणाल्या. "रातभर हू नाई का चू नाई! एकदाबी नाई उठली?"

 साडेनऊला बॅच होती. पोरगी समोर होती.

"तुम्हीच मोजत होतात ना, आई," मी म्हटलं.

"हाव नं. एकबी डाव नाई!" सासूबाई ठामपणे म्हणाल्या. मग उठून पिशवी भरायला लागल्या. दुपट्यांना हात लावला नाही. फक्त स्वतःची लुगडी घातली. "जिंकली बापा तू. पोट्टी राहीन तुह्यापाशी. मी येत जाईन सोमवार-सोमवार." पाळण्याकडे वळून त्यांनी पोरीच्या गालावरून बोटं मोडली आणि त्यांचा आवाज जरा ओला झाला. माझाही झाला. शास्त्राचा विजय झाला होता आणि मला त्यातली निम्मी लबाडी बोचत होती.

दारापर्यंत गेल्या आणि थांबल्या. माझ्या तोंडाकडे निरखून पाहिलं.

"तुह्ये डोये काहून असे लालभडक? तू नाई झोपली काय?"

"नाही हो... थोडी कमी झोप झाली."

"कमी झोप! अव, मले पाय. दहाले जो डोया लागला, त सहालेच उघडला. काई गोयी नाई का काई नाई." सासूबाई जवळ आल्या आणि एखादं घरचं गुपित सांगावं तसं हळू म्हणाल्या, "सकायी उठून जराशी कोवया उनात बसत जाय. भल्ली झोप लागते. एवढी शिकली, थे नाई शिकवत काय तुमच्या कॉलेजात?"